तुमचं भाकीत खरं ठरलं का?

सरकारी धोरणांसाठी कॉम्प्युटर मॉडेल बनवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुमचं भाकीत खरं ठरलं का?" मी हो-नाही म्हणत नाही, तेव्हा समोरच्याला वाटतं ही पळवाट काढतेय. म्हणून एकदा नीट सांगते.

मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने ब्रिटनसाठी कोरोनाच्या ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा मांडला. अट स्पष्ट होती: सरकारने काहीच केलं नाही आणि लोकांनीही वागणं बदललं नाही तर. टाळेबंदी झाली, लोक घरात बसले, तेवढे मृत्यू झाले नाहीत आणि ओरड झाली की मॉडेल चुकलं. इशारा ऐकून माणसं सावध झाली, तर इशारा खोटा कसा? हे मी तावातावाने सांगते. पण याच युक्तिवादाच्या आड कुठलंही वाईट मॉडेल सुखाने लपू शकतं, हेही मला दिसतं.

मॉडेल काय देतं हे सांगायला मला अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांचं वस्त्या कशा विभागल्या जातात यावरचं १९७१ चं काम जवळचं वाटतं. निदान एक तृतीयांश शेजारी आपल्यासारखे असावेत, एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा. तरी वस्त्या ठळकपणे विभागल्या जातात. त्यात कुठल्याही शहराचं भाकीत नाही. कुणालाच नको असलेलं काहीतरी सगळ्यांच्या मिळून घडतं कसं, ते दिसतं.

आता जे मला अजून सलतं ते. एका विभागाला लहान दवाखाने बंद करून एक मोठं रुग्णालय करायचं होतं. आम्ही माणसागणिक मॉडेल बांधलं: कुणाचं घर किती लांब, आजार किती, रांगेबद्दल कानावर काय आलंय. मग ते पुन्हा पुन्हा चालवलं. बहुतेक रनमध्ये, म्हणजे चालवण्याच्या फेऱ्यांत, रांगा कमी झाल्या. उरलेल्यांत मात्र लांबच्या लोकांनी येणं पुढे ढकललं, दुखणं वाढवून आले, खाटा जास्त दिवस अडल्या, रांग वाढली आणि रांगेचं ऐकून आणखी लोक थांबले. मधलं चित्र जवळजवळ नव्हतंच. दोन टोकांची सरासरी काढली, तर ती एकाही रनशी जुळत नव्हती.

बैठकीत कुणीतरी विचारलं, लोक किती दिवस थांबतील हे कशावरून धरलंत? मी सांगितलं, थोडी पाहणी, बाकी अंदाज. वरिष्ठ अधिकारी लगेच म्हणाले, "म्हणजे तो भाग अंदाजच आहे. काढून टाका." मी म्हटलं, साहेब, रांगा कमी होतात ते रनसुद्धा त्याच अंदाजावर उभे आहेत. "दोन चित्रं घेऊन मी वर जाऊ शकत नाही," ते म्हणाले. त्यांची अडचण खरी होती. पण शंका फक्त नको असलेल्या निकालावरच घेतली गेली. अहवालात सरासरीची एकच रेषा छापली गेली, खाली आमच्या गटाचं नाव.

दवाखाने बंद झाले. रांगा वाढल्या. माझ्या बाजूचे लोक म्हणतात, बघा, तुमचं खरं ठरलं! मी तसं म्हणू शकत नाही. त्याच काळात तापाची मोठी साथ होती. मॉडेल हजारदा चालवता येतं, जग एकदाच चालतं.

पूर्वी मी ठामपणे म्हणायचे: कोड खुला ठेवा, सगळे रन दाखवा, निर्णय घेणारे घेतील. आता ते मला पटत नाही. दाखवलेलं कापता येतं. मग मी एक बाजू धरून भांडायचं का? तसं केलं, तर पुढच्या वेळी माझ्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल? दोन्हीकडून मला उत्तर सापडलेलं नाही.

सध्या काम घेण्याआधी मी एवढंच विचारते की कुठला निकाल आला तर तुम्ही ही योजना सोडाल, ते लिहून द्या. बहुतेक जण देत नाहीत. तरी काम घेते, कारण मी नाही म्हटलं तरी दवाखाने बंद होतातच, फक्त कुणाच्या तरी मनातल्या, कागदावर न आलेल्या गृहीतकांवर. हे कारण पुरेसं आहे की स्वतःची समजूत, यावरून माझं माझ्याशीच भांडण चालू आहे.