मिनेहाहाचा मुका धबधबा

“धबधबा मुका झालाय व्हय गं?”

आईने हे विचारलं तेव्हा मी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये उणे 18 अंशांत कठड्याला टेकून उभी होते. इथे शनिवारची सकाळ, नऊ वाजलेले. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी रात्रीचे साडेआठ. आदल्या दिवशीच मी तिला सांगून ठेवलं होतं की उद्या तुला धबधबा दाखवते, म्हणून ती लवकर जेवून, ओटा पुसून फोनची वाट बघत बसली होती. आणि मी तिला दाखवत होते तो 53 फुटांचा बर्फाचा पडदा. मध्येच तिने फोन कानाला लावला असणार, कारण थोडा वेळ मला स्क्रीनवर फक्त तिच्या कानातलं फूल दिसत होतं. ते फूल हललं, तिचा चेहरा परत आला आणि मग हा प्रश्न.

मी उत्तर देणार तेवढ्यात माझा फोन बंद पडला. चार्जिंग अर्ध्याहून जास्त होतं. थंडीने बॅटरी बसते हे कॅमेऱ्याबद्दल वाचून गेले होते, फोनचं लक्षातच आलं नाही.

कंपनीने तीन महिन्यांसाठी इकडे पाठवलं आणि ते तीन महिने नेमके डिसेंबर ते मार्च निघाले. शिकागोला दोन दिवस जाऊन आले, मॉल ऑफ अमेरिका बघितला, एकदा गोठलेल्या तळ्यावर चालले. पण घरी सांगावंसं काही घडलं असेल तर ते मिनेहाहालाच. आधीच कबूल करते, तिथे जायला काहीही कष्ट पडत नाहीत. शहरातून विमानतळाकडे जाणारी ब्लू लाइन ही ट्रेन पकडायची, मिनेहाहा पार्कच्या स्टेशनवर उतरायचं आणि सपाट रस्त्याने थोडं चालायचं. उद्यानाला तिकीट नाही. आपल्याकडे धबधबा म्हटला की निसरड्या पायऱ्या, चिखल, कणसंवाल्यांच्या धुरातून काढलेली वाट आणि ‘आईला गाडीतच बसू दे’ हे वाक्य ठरलेलं. आईचे गुडघे गेल्यापासून ठोसेघरलाही ती आलेली नाही. इथे चाकाची खुर्चीसुद्धा कठड्यापर्यंत जाते. पोचल्या पोचल्या माझ्या मनात पहिलं हेच आलं आणि पोटात तुटलं.

म्हणून तर तिला फोन लावला होता.

आता त्या बर्फाबद्दल. मला वाटलं होतं, पांढरंशुभ्र काहीतरी असेल. तसं अजिबात नाही. वरच्या कड्यावरून हातभर जाडीचे सुळके एकमेकांना चिकटून खाली उतरले होते. देवळातली समई महिनोन्महिने पुसली नाही तर तिच्यावरून तेलाचे ओघळ जसे थरावर थर उतरतात, तसे. काही सुळके निळे, काही चहाच्या पाण्यासारखे पिवळट. निळेपणा बर्फाचा स्वतःचा असतो, जाड बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. एका सुळक्याच्या आत झाडाचं पान अडकलं होतं, देठासकट, आणि त्याच्याभोवती बारीक बुडबुडे तसेच थिजलेले. मी झूम करून त्या पानाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे.

हा पडदा कड्याला चिकटलेला नसतो, त्याच्या मागे पोकळी असते. तिथला वरचा थर चुनखडीचा, कठीण. खालचा वालुकाश्म इतका मऊ की पाण्याने झिजत झिजत आत गेलाय. त्यामुळे वरचा दगड छज्ज्यासारखा पुढे आलेला आणि पाणी त्याच्या टोकावरून सुटून पडतं. सह्याद्रीचा काळा कातळ बघत वाढलेल्या डोळ्यांना हा फिका दगड पहिल्यांदा जरा कच्चाच वाटतो.

फोटोंचं सांगायचं तर पहिले साठ-सत्तर फोटो वाया गेले. बर्फ एवढा उजळ असतो की कॅमेरा बिचकतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, एक-दीड स्टॉपने (दुपटी-अडीचपटीने) वाढवल्यावर कुठे बर्फ बर्फासारखा दिसायला लागला. कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या मी स्वेटरच्या आत, अंगाला लागून ठेवल्या होत्या आणि आलटून पालटून वापरल्या. ट्रायपॉड धातूचा, पातळ हातमोज्यांतूनही तो चावत होता. सगळ्यात मोठी चूक परत आल्यावर केली. गाडीत शिरल्या शिरल्या उत्साहाने कॅमेरा बाहेर काढला आणि भिंगावर असं धुकं बसलं की अर्धा तास काही दिसेना. गार कॅमेरा बाहेरच घट्ट बंद पिशवीत घालायचा आणि खोलीत हळूहळू गरम होऊ द्यायचा, हे मी आता जन्मभर विसरणार नाही.

पण त्या दिवशी माझं लक्ष फोटोंवरून उडालेलंच होतं. आईचं वाक्य डोक्यात रुतून बसलं होतं.

‘धबधबा’ हा शब्द मी आयुष्यभर वापरत आले, पण तो आवाजाचा शब्द आहे हे त्या सकाळी पहिल्यांदा मला खरं कळलं. धबधब पडतो तो धबधबा. धबधबच नसेल तर समोर आहे त्याला म्हणायचं काय? आईने डोळ्यांनी नाही, कानाने तपासलं आणि तिला त्यात धबधबा सापडला नाही. ती चुकली नव्हती.

मिनेहाहा हे नाव इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या भाषेतलं. तिच्यात मिनी म्हणजे पाणी; मिनेसोटा या इथल्या राज्याच्या नावातला आणि मिनिआपोलिसमधला ‘मिनी’ तोच. आणि हाहा म्हणजे धबधबा. नंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी त्या ‘हाहा’चं हसू केलं आणि ‘हसणारं पाणी’ असा अर्थ जगभर पसरवला. त्याला मोठा हातभार लागला तो अमेरिकन कवी लाँगफेलोच्या ‘हायवाथा’ या दीर्घकाव्याचा. ते आलं 1855 साली, आणि त्यात नायिकेचं नावच मिनेहाहा. कवीने हा धबधबा कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. अलेक्झांडर हेस्लर नावाच्या छायाचित्रकाराने त्याच्या काही वर्षं आधी इथे येऊन चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर त्याचा फोटो घेतला होता आणि तो लाँगफेलोच्या हाती पडला, असं सांगतात. हे मला रात्री खोलीवर वाचायला मिळालं आणि मी उठून बसले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी याच ठिकाणी थांबून, आवाज नसलेला एक धबधबा दूरवर बसलेल्या माणसाला पाठवला होता.

एका गोष्टीचा मात्र मला फार राग आला, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाली उतरणाऱ्या पायऱ्या हिवाळ्यात बंद होत्या. फाटक लावलेलं, पाटी लावलेली. तरी माणसं त्यावरून उड्या मारून खाली जात होती आणि बर्फाच्या पडद्यामागच्या पोकळीत शिरत होती. आतून सगळं निळं दिसतं, फोटो अप्रतिम येतात, हे मलाही माहीत होतं. एका मुलाने तर फाटकावरून मला हात पुढे केला, “सगळेच जातात,” म्हणाला. मी नाही गेले. खाली एकजण पायाने सुळके मोडत होता आणि त्याचे सोबती टाळ्या वाजवत होते. महिनाभर थेंबाथेंबाने वाढलेला सुळका, काचेचं भांडं फुटावं तसा फुटला. तेवढ्यात वरून परातीएवढा एक तुकडा सुटून त्यांच्यापासून दोन हातांवर आदळला. सगळे क्षणभर गप्प झाले, मग परत हसले. पावसाळ्यात आपल्याकडे कठडा ओलांडून सेल्फी काढणारे आठवले. दर वर्षी त्यातले काही जण घरी परत येत नाहीत. पाण्याजवळ गेलं की माणसाची भीड का चेपते, मला खरंच कळत नाही. त्या पोकळीचा माझ्याकडे एकही फोटो नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. कॅमेरा आणि ट्रायपॉड खोलीवर ठेवला. फोन स्वेटरच्या आत. थंडी उतरून उणे सहावर आली होती, माझ्यासाठी ती आता थंडी राहिलेली नव्हती. या वेळी कठड्याकडे न जाता ओढ्याच्या काठाने वरच्या अंगाला गेले. हा ओढा मिनेटोंका तळ्यातून निघतो, बावीस मैल वळणं घेत येतो आणि इथून पडून मिसिसिपीला मिळतो. त्या दिवशी तो नुसता बर्फाचा पांढरा पट्टा होता, त्यावर सशाच्या पावलांचे ठसे. पण एके ठिकाणी, काठाच्या झुडपाखाली, ताटाएवढं भोक उघडं राहिलं होतं. आत काळं पाणी. मी कठीण जमीन बघून काठावरच गुडघे टेकले, टोपी वर केली आणि कान दिला.

वाहत होतं. अगदी बारीक. बर्फाच्या खाली बुडबुड, बुडबुड, मध्येच घोट घेतल्यासारखा आवाज आणि परत बुडबुड.

फोन हात लांब करून भोकाजवळ धरला आणि चाळीस सेकंद भरून घेतलं. खाली काहीच लिहिलं नाही, तसंच आईला पाठवलं.

घरी पोचेपर्यंत तिचा आवाजातला निरोप येऊन पडला होता. मी बूटसुद्धा न काढता ऐकला.

“आगं, ह्यो तर आपल्या पाटाचा आवाज. तुझं अप्पा रातच्याला दारं धराया जायचं बघ, मी भाकरी घिऊन मागनं जायची. लाइट नसायची. कंच्या सरीत पाणी शिरलं ते ह्या आवाजावरनंच कळायचं. उसात दिसतंय काय? अप्पा म्हणायचं, गप ऱ्हा, आइकू दे. असंच वाजायचं, असंच.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही, मागे पंख्याची घरघर तेवढी येत होती. शेवटी म्हणाली, “लई थोडं भरलंयस. जरा जास्त भरून पाठीव.”

पुढच्या रविवारी सकाळी परत गेले. भोक आणखी लहान झालं होतं, वाटीएवढं. सहा मिनिटं भरली.