मुळावरच्या गाठी

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी ऑगस्टमध्ये सेकंड इयरच्या पोरांना घेऊन एखाद्या गावात शिवारफेरी करायची असं आम्ही ठरवलंय, म्हणजे मातीतले जिवाणू पुस्तकात न बघता मातीतच बघायचे आणि गावातल्या लोकांनाही दाखवायचे. त्या वर्षी सोयाबीन फुलोऱ्यात होतं, चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं, आणि मुळावरच्या जिवाणूंच्या गाठी बघायच्या तर हीच वेळ.

मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात मायक्रोस्कोप मांडत होतो, एक्स्टेन्शन बोर्ड शोधायचं चाललं होतं, तेवढ्यात एक काका आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत उपटलेलं सोयाबीनचं झाड, आणि दुसऱ्या हातात दाणेदार औषधाची पिशवी, न फोडलेली. म्हणाले, "मॅडम, मुळाला गाठी धरल्यात. दुकानात दाखवलं तर म्हणले सूत्रकृमी हाय, हे टाका. 1200 रुपये गेले. उद्या टाकणार हाय, पण म्हणलं तुम्ही आल्यात तर इचारून बघावं."

सूत्रकृमी म्हणजे मुळात घुसून गाठी आणणारे धाग्यासारखे बारीक कृमी. मी झाड हातात घेतलं आणि खरं सांगते, आनंदच झाला. इतक्या टपोऱ्या गाठी, मुख्य मुळाला लगडलेल्या! पण मी काही बोलले नाही, पोरांना पुढे केलं. वर्गात पहिली येणारी मुलगी, नायट्रोजनेजची (हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमची) रिअ‍ॅक्शन तोंडपाठ, एका नायट्रोजन रेणूचा अमोनिया करायला 16 एटीपी (पेशीला ऊर्जा देणारे रेणू) लागतात हे झोपेत सांगेल, तिने झाड बघितलं आणि हळूच मला विचारलं, "मॅडम, हा रोगच आहे ना?" मला फार लागलं ते. ती शेतकऱ्याची मुलगी, चार वेळा परीक्षेत गाठीची आकृती काढलेली, आणि खरी गाठ तिला कुणी कधी दाखवलीच नव्हती. यात तिची चूक नाही, आमची आहे.

मग सगळेच काकांच्या शेतात गेलो. झाड उपटायचं नाही, उपटलं की निम्म्या गाठी मातीतच तुटून राहतात, म्हणून खुरप्याने बाजूने खणून मातीच्या ढेकळासकट काढलं आणि बादलीत बुडवून ठेवलं, माती आपोआप सुटली. काकांना म्हटलं, अंगठ्याने गाठ चोळून बघा. टचकन निघून आली. सूत्रकृमीची गाठ अशी निघत नाही, कारण तिथे मूळच सुजलेलं असतं, आणि ही जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला बसलेली असते. मग ब्लेडने गाठ मधोमध कापली.

आत गुलाबी. चांगली लालसर गुलाबी.

तोपर्यंत बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती, त्यातल्या एक आजी वाकून म्हणाल्या, "हे तर रक्तावानी दिसतंय की." आजी, बरोब्बर बोललात! तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, त्यातही लोहच असतं. गाठीतल्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन तर पाहिजे, पण मोकळा ऑक्सिजन जास्त झाला की नायट्रोजन पकडणारं त्यांचं एन्झाइम निकामी होतं, म्हणून हा गुलाबी पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि लागेल तेवढाच पोचवतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन, पण झाडाला त्यातला कणभरही थेट घेता येत नाही, ते काम हे जिवाणू करतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. 1888 मध्ये हॉलंडच्या बायरिंकने हे जिवाणू पहिल्यांदा गाठीतून वेगळे काढून वाढवले, ते मी पोरांना तिथेच बांधावर बसून सांगितलं.

देवळात परत येऊन एक गाठ काचेवर चिरडली, क्रिस्टल व्हायोलेटने रंगवली, आणि 100 च्या लेन्सखाली लावली. रांग लागली. जांभळ्या काड्या काड्या. शाळेतल्या एका पोराने विचारलं, "हे जंतू हायत? मग झाड आजारी कसं नाही पडत?" जंतू म्हटलं की आपल्याकडे आजार, साबण, डॉक्टर एवढंच डोक्यात येतं, त्यामुळे त्या पोराला उत्तर द्यायला मी चांगली वीस मिनिटं घेतली आणि मागची रांग तशीच थांबून राहिली, कुणी कुरकुरलं नाही.

शेतात पाणी साचलेल्या कोपऱ्यातली झाडं पिवळी होती, त्यांना गाठी मोजक्याच आणि आतून फिकट, हिरवट. मुळाशी हवाच नाही तर जिवाणू काम कसं करणार. काका तिथे युरिया टाकायच्या विचारात होते. आयता नायट्रोजन मिळाला की झाड नवीन गाठी धरायचं कमी करतं, त्यामुळे आधी चर काढून पाणी बाहेर काढा म्हटलं. आणि पुढच्या पेरणीला बियाण्याला बुरशीनाशक आधी लावायचं, रायझोबियम, म्हणजे याच गाठीतल्या जिवाणूंचं खत, सगळ्यात शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. काकांनी दोन्ही एकत्रच कालवलं होतं, तसं केलं की औषधाने जिवाणू मरू शकतात.

औषधाची पिशवी त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानात परत केली, दुकानदाराने घेतलीही.

पंधरा दिवसांनी रात्री काकांचा फोन. "मॅडम, तुरीचं झाड खणून बघितलं. गाठी हायत, पण आतून पांढऱ्या. काही चुकलं का?" काम न करणारी गाठ पांढरी असते, तशी कोवळी गाठही पांढरी असते, पण ही यातली कुठली ते फोनवर कसं सांगणार. रविवारी त्या मुलीला घेऊन गेले, खुरपं या वेळी तिच्याच हातात दिलं.