सवकास

गेल्या पावसाळ्यात पणजीला पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात बसले होते. समोर अठराव्या शतकाच्या अखेरचं पोर्तुगीज बाड, आमच्या फोंड्याकडच्या गावांच्या वसुलाचं. एक पान उलटलं आणि टेबलावर तांदळाच्या कणीएवढा तपकिरी तुकडा पडला. त्यावर कुठल्याशा अक्षराची शेपटी होती.

मी घाबरून तो बोटाने टिपायला गेले. तिथले काका हळूच कोंकणीत म्हणाले, "राव, बाय. सवकास." म्हणजे थांब, बाई, सावकाश. त्यांनी कोरा कागद आडवा धरला, मऊ ब्रशने तुकडा त्यावर घेतला आणि लिफाफ्यात सोडला. लिफाफ्यावर बाडाचा क्रमांक, पानाचा आकडा आणि 'मागची बाजू' एवढं पेन्सिलीने माझ्याकडूनच लिहून घेतलं. जुन्या बाडांत आकडा पानाच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे 'मागची बाजू' लिहिलं नाही तर तुकडा पोरका होतो.

तो तुकडा माझ्या हातून पडला हे खरं, पण त्याला पोखरलं होतं शाईने. पोर्तुगीज कारकून वापरत ती शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच, हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. ही शाई लिहिताना फिकट असते, हवा लागली की काळी होते आणि कागदाच्या आत शिरते. पाण्याने ती सहजी जात नाही. पण तिच्यातलं आम्ल आणि लोह कागदाचे तंतू तोडत राहतात. हात जड पडला असेल तिथे अक्षराच्या जागी भोक पडतं, आणि एकेका पानाची शेवटी जाळी होते. हवेतल्या ओलीने हे आणखी वेगाने होतं, आणि आमच्याकडे पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांवर जहाजं यायची, त्यांच्याबरोबर आलेल्या राजाच्या पत्रांच्या बाडांना 'मोंसोंइश दु रैनु' म्हणतात. ज्या वाऱ्याने ती पत्रं गोव्याला आणली, त्याच वाऱ्याची ओल आता ती पोखरते आहे. हे मनात आलं की मला पंख्याखालीसुद्धा घाम फुटतो.

आता त्या खोलीत शिरण्याआधी मी काचेच्या बांगड्या आणि अंगठी काढून पर्समध्ये ठेवते. त्या दिवशी केसांत अबोली माळत नाही, हातांना क्रीम लावत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करते. अनेकांना वाटतं सुती हातमोजे घालावेत. फोटोंसाठी ते हवेतच, पण जुन्या कागदावर मोज्यातलं बोट आंधळं होतं आणि फाटक्या कडेत धागा अडकतो. बाड पूर्ण सपाट उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना उशी द्यायची. पान वरच्या कोपऱ्यातून सोडवायचं, खाली तळवा सरकवायचा आणि झोपलेल्या बाळाला कूस बदलून द्यावी तसं पलीकडे ठेवायचं. बाडाच्या शिवणीत कधी कधी बारीक वाळू सापडते, शाई टिपायला कारकुनाने भुरभुरलेली. ती फुंकायची नाही.

एवढं जपण्याचं कारण घरचं आहे. आजोबांचे मोडी कागद देवघराच्या पेटीत होते. कॉलेजात असताना त्यांतलं एक फाटलेलं खत मी हौसेने चिकटपट्टीने जोडलं. मोडीची शाई काजळीची, ती कागद खात नाही, पण कागदावर नुसती बसलेली असते. पंचवीस वर्षांनी पट्टी पिवळी पडून सुटली आणि तिच्याबरोबर दीड ओळ गेली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि बोरू न उचलता तिच्याखाली लिहीत जातात, शब्दाशब्दांत जागाही नसते. दीड ओळ गेली म्हणजे कोणाची जमीन आणि कोणाला दिली, तेच गेलं. मी मोडी शिकले ती त्यानंतर. ती ओळ मला आता वाचता आली असती.

गोव्यातला हा दप्तरखाना 1595 साली सुरू झाला, इतिहासकार दियोगु दु कौतु त्याचा पहिला रक्षक. पुढे सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेंकरांनी याच कागदांतून पोर्तुगीज आणि मराठ्यांचा पत्रव्यवहार शोधून आपल्यासमोर ठेवला. माझ्या आधी ही पानं कितीजणांनी उलटली असतील आणि तरी ती माझ्यापर्यंत आली. माझ्या हातून मात्र एक तुकडा पडला.

परवा पुन्हा तेच बाड मागवलं. लिफाफा आतच होता, माझ्या अक्षरातला. त्या पानाशी आल्यावर मी दोन्ही हात खाली घातले आणि काकांना बोलावलं. पान आम्ही दोघांनी मिळून उलटलं.