टोकियो-क्योटो सोडून कुठे जाऊ?

जपानला निघालेली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात, "टोकियो-क्योटो झालंच, पण जरा गावाकडचं एखादं ठिकाण सांग ना." तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: फुकुई प्रांतातल्या एचिझेनला, हातकागदाच्या गावांना जा. 16 मार्च 2024 पासून होकुरिकू शिंकानसेन ही बुलेट ट्रेन त्सुरुगापर्यंत धावते, त्यामुळे टोकियोहून साधारण तीन तासांत थेट एचिझेन-ताकेफूला उतरता येतं. पुढे त्या गावांपर्यंत बस आहे, पण फेऱ्या कमी, तेव्हा वेळापत्रक आधीच बघून ठेवा.

डोंगराच्या कुशीत पाच छोटी गावं आहेत आणि तिथे शेकडो वर्षं हातकागद होतो आहे. 1868 साली मेइजी सरकारनं देशभर चालणाऱ्या नोटा काढल्या, तेव्हा कागद इथलाच घेतला होता.

कोझो या तुतीच्या कुळातल्या झाडाची साल शिजवतात. मग गार पाण्यात धूत धूत तिच्यातला कणभर कचरासुद्धा बोटांनी वेचून काढतात. तासन् तास चालणारं काम आहे हे, आणि कागदाचा शुभ्रपणा इथेच ठरतो. साल कुटून तिचे धागे हौदात सोडले, की त्यात तोरोरो-आओईच्या मुळांचा चीक घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या जवळच्या नात्यातलं, आणि चीकही तसाच बुळबुळीत. त्यानं कागद चिकटत असेल असं कुणालाही वाटेल, पण घडतं उलटंच. धागे तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात, पाणी चाळणीतून सावकाश निथळतं, आणि ओले कागद एकावर एक रचून दाबले तरी नंतर अलगद सुटे होतात! उन्हाळ्यात हा चीक लवकर पातळ होतो, म्हणून कागद बघायला थंडीत जावं. बर्फ भरपूर पडतो, कपडे तसे न्या.

भातशेतीला जमीन थोडी पण पाणी नितळ, म्हणून एका स्त्रीनं गावकऱ्यांना ही विद्या शिकवली, अशी तिथली आख्यायिका आहे. ती कावाकामी गोझेन, कागदाची देवी. तिचं ओकामोतो-ओताकी देऊळ चुकवू नका. 1843 साली बांधलेल्या या देवळाची छपरं एकावर एक लाटांसारखी चढत जातात. मे महिन्यात 3 ते 5 तारखेला देवीचा उत्सव असतो.

जेवायला ओरोशी सोबा घ्या: बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या गार शेवया, वर झणझणीत किसलेला मुळा. शाकाहारी असाल तर मात्र जपून, कारण त्यातल्या रश्शात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो आणि वर माशाचा कीस भुरभुरतात. तुमची सोय एइहेइजीला होईल. 1244 साली दोगेन या भिक्षूनं स्थापलेला हा झेन मठ याच प्रांतात आहे. त्याच्या आसपास मिळणाऱ्या शोजिन, म्हणजे मठातल्या पद्धतीच्या, जेवणात मांस-मासे नसतात. त्यातलं तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळांच्या सत्त्वाचं, टोफूसारखं दिसणारं गोमा-दोफू जरूर मागून घ्या.