ऑल इनक्लुझिव्ह, पण डाइव्हचं बिल वेगळं : मालदीवमधले पाच दिवस, आजीसकट

निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर बिलाचे चार कागद हातात पडले आणि नवरा हळूच म्हणाला, "आपण ऑल इनक्लुझिव्ह घेतलं होतं ना गं?" घेतलं होतं. नाश्ता, दोन वेळचं जेवण, आइस्क्रीम, बिअर, रंगीत छत्र्या खोचलेली सरबतं, सगळं त्यात होतं. ज्यासाठी एवढ्या लांब गेलो ते स्कूबा डायव्हिंग तेवढं नव्हतं.

तशी "रोज एक डाइव्ह मोफत" अशी ओळ आमच्या पॅकेजात होती. मोफत म्हणजे फक्त हवेची टाकी आणि वजनं. बोटीचं भाडं वेगळं, बीसीडी (पाण्यात तरंगतं ठेवणारं जाकीट) आणि रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) यांचं भाडं वेगळं, थोरलीच्या कोर्सची फी तर वेगळीच. दराच्या पुढे अधिकची दोन चिन्हं दिसली की १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी असं समजायचं. १०० डॉलरची गोष्ट हातात येईपर्यंत १२८ च्या पुढे जाते. शिवाय ग्रीन टॅक्स. २०२५ पासून रिसॉर्टवर तो माणशी दिवसाला १२ डॉलर झालाय. पाच माणसं, पाच रात्री, सरळ ३०० डॉलर. एजंटच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो धरलाय का, हे आधी बघा. आमच्यात नव्हता.

आता आम्ही कोण, ते सांगते, म्हणजे यातलं तुमच्या कामाचं काय ते कळेल. मी आणि नवरा, दोघांकडे अंदमानात हॅवलॉकला काढलेलं ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं कार्ड, पण त्यानंतरच्या आठ वर्षांत डाइव्ह मोजून सहा. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. आणि सासूबाई. त्यांचं माहेर मालवण, समुद्र जन्मापासून डोळ्यांसमोर, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेल्या नाहीत. त्यामुळे डायव्हिंगच्या जोडीला म्हाताऱ्या माणसाला चालता येईल, बसता येईल आणि वरणभात मिळेल अशी जागा हवी होती. मालदीवचं एक बेट, एक रिसॉर्ट हे गणित इथे बरं पडतं. आम्ही पाण्याखाली असताना सासूबाई आणि धाकटा हाकेच्या अंतरावर असायचे. मुंबईहून माले थेट विमानाने तीन तासांच्या आत, व्हिसा उतरल्यावर फुकट. इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म जायच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, येताना परत भरायचा. तो मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती सरकारी नव्हे.

बेट निवडताना पहिला आठवडा मी खोल्यांचे फोटो बघण्यात घालवला. पाण्यावरच्या खोल्या, काचेची जमीन, वगैरे. नंतर उपग्रहाचा नकाशा उघडला आणि काम झालं. बेटाभोवती फिकट निळा पट्टा दिसतो तो उथळ लगून. जिथे तो एकदम गडद होतो ती रीफची, म्हणजे प्रवाळाच्या खडकाची कड. किनाऱ्यापासून त्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, नकाशातच मोजता येतं. काही बेटांना ते चारपाचशे मीटर निघतं. फोटोत सुंदर दिसतं, पण हाउस रीफ, म्हणजे बेटाचा स्वतःचा रीफ, बघायला दर वेळी बोट लागते. काही बेटांना सगळीकडूनच कड लगेच, म्हणजे लहान मुलांना खेळायला जागा नाही. आम्हाला एका बाजूला रुंद लगून आणि दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस मीटरवर कड असं बेट मिळालं, आणि माझ्या मते अख्ख्या सहलीतला तोच एक शहाणपणाचा निर्णय होता. पाण्यावरची खोली घेतली नाही. नऊ वर्षांचा पोरगा, पोहता न येणारी आजी आणि अंगणातून थेट समुद्रात उतरणारी शिडी, या तिन्ही गोष्टी एकत्र नकोत.

दुसरा प्रश्न मालेहून पुढे कसं जायचं. लांबच्या अटॉलला (बेटांच्या कड्याला) सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान लागतं. ते फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर रात्र मालेजवळ काढावी लागते, आणि सामानाची मर्यादा साधारण २० किलो. आम्हाला माणशी ४८० डॉलर सांगितले होते, जाऊन-येऊन. पाच जणांचा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "तेवढ्यात मुंबईला परत जाऊन येऊ." म्हणून साउथ माले अटॉल घेतलं, स्पीडबोटीने पाऊण तास. दक्षिण आरीला व्हेल शार्क बारा महिने दिसू शकतो, त्याचा मोह सोडावा लागला. मांटा, म्हणजे पंख पसरल्यासारखा तो मोठा रे मासा, हाच हट्ट असेल तर बा अटॉलमधलं हनिफारू, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. पण लक्षात ठेवा, तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर पोहणं. डायव्हिंगची सहल म्हणून ते निवडलं तर घोटाळा होतो.

डाइव्ह सेंटरला आम्ही बुकिंगच्या आधी ईमेल केली. चार रिसॉर्टना तेच तीन प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीबरोबर एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी असतील, सगळ्यात लहान मापाची बीसीडी आणि वेटसूट आहेत का, आणि तिच्या चार डाइव्ह कुठे कराल. दोघांनी दरपत्रक पाठवलं. एकाने उत्तरच दिलं नाही. चौथ्याने लिहिलं की पहिल्या दोन हाउस रीफवर, पुढच्या दोन जवळच्या गिरीवर, आणि कंदूला तिला नेणार नाही. गिरी म्हणजे पृष्ठभागाजवळ येणारा उथळ रीफ. कंदू म्हणजे अटॉलच्या कडेमधली खिंड, तिथून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. साउथ मालेतला एम्बुडू कंदू किंवा कंडूमा थिला ही नावं तुम्ही शार्कच्या व्हिडिओंत ऐकली असतील. तिथे प्रवाह काय चीज आहे ते मी स्वतः एकदा अनुभवलं. दोन्ही हातांनी खडक धरून मी झेंड्यासारखी फडफडत होते. नव्या मुलांना तिथे नेऊ नका आणि "नेतो की" म्हणणाऱ्या सेंटरलाही जाऊ नका.

थोरलीची थिअरी आणि तलावातला भाग आम्ही ठाण्यातच उरकला आणि रेफरलचा कागद, म्हणजे उरलेला कोर्स दुसऱ्या सेंटरला पुरा करायची चिठ्ठी, घेऊन गेलो. सुट्टीतले दोन दिवस वाचले, नाहीतर मालदीवला जाऊन पोरगी खोलीत व्हिडिओ बघत बसली असती. बारा ते चौदा वयाला ज्युनियर ओपन वॉटरमध्ये १८ मीटरपर्यंत, सोबत कार्डधारक मोठं माणूस हवं. दहा-अकराच्या मुलांना १२ मीटर. आठ वर्षांपासून बबलमेकर नावाचा प्रकार आहे, दोन मीटर पाण्यात. धाकट्याने तो लगूनमध्ये केला. त्याला वाळूत बसलेला स्टिंगरे दिसला, आणि पुढचे चार दिवस भेटेल त्याला, अगदी बफेच्या आचाऱ्यालासुद्धा, तो हात पसरून दाखवत होता.

आमची फजिती झाली ती नवऱ्याच्या फॉर्मवर. डायव्हिंगआधी तब्येतीची प्रश्नावली असते. त्यात दम्याचा प्रश्न येतो. नवऱ्याला लहानपणी दमा होता, त्याने प्रामाणिकपणे "हो" लिहिलं. लिहायलाच हवं. पण अशा काही प्रश्नांना "हो" आला की डॉक्टरची सही लागते, आणि त्या बेटावरचा डॉक्टर एक दिवसाआड यायचा. एक अख्खा दिवस आणि १०० डॉलर गेले. हा फॉर्म नेटवर मिळतो. घरच्या डॉक्टरकडून सही करूनच न्या. सर्दी झाली असेल तर मात्र कुठलीही सही उपयोगाची नाही. कान मोकळे होत नाहीत, आणि गोळी खाऊन उतरणं धोक्याचं.

कानाचीच गोष्ट. थोरलीची पहिली डाइव्ह. मी मागे, इन्स्ट्रक्टर समोर. चार मीटरवर तिने पंजा आडवा करून हलवला, म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि बोट कानाकडे नेलं. माझ्या छातीत धस्स झालं. इन्स्ट्रक्टरने काही घाई केली नाही. तिच्यासमोर तरंगत राहिला, तळवा वर केला, दोघं मीटरभर वर गेली. स्वतःचं नाक चिमटीत धरून त्याने दाखवलं. तिने धरलं, फुंकलं, मान हलवली. नाही. पुन्हा अर्धा मीटर वर. असं त्याने चार वेळा केलं. माझ्या घड्याळात सहा मिनिटं गेली. पाचव्या खेपेला तिने अंगठा आणि तर्जनीचं वाटोळं केलं, म्हणजे ठीक आहे, आणि खाली निघाली. अकरा मीटरवर एक कासव प्रवाळ कुरतडत बसलं होतं. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

प्रवाळाबद्दल खरं सांगायचं तर जुन्या माहितीपत्रकातले जांभळे-गुलाबी बगीचे शोधू नका. १९९८, २०१६ आणि २०२४, तिन्ही वेळा समुद्र तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. आमच्या हाउस रीफवर वरचा भाग बराचसा तपकिरी, मोडका, मधूनच कोवळ्या फांद्या. मासे मात्र भरपूर. शार्कची मासेमारी तिथे २०१० मध्ये बंद केली, आणि ते जेट्टीवरूनच कळतं. उथळ पाण्यात हात-दीड हाताची काळ्या टोकांच्या परांची शार्कची पिल्लं फेऱ्या मारत असतात. सासूबाईंनी पहिल्या सकाळी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि नातीला हाक मारली, "गो, ही तर मोरी!" मालवणीत शार्क म्हणजे मोरी. मग जेट्टीवर बसून त्यांनी मोरीच्या मटणाची कृती सांगायला सुरुवात केली. शेजारी दुर्बीण घेतलेलं एक जोडपं होतं, त्यांना काही कळलं नाही हे नशीब.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचे हाल नाहीत, डाळ रोज होती. मांसाहारी असाल तर सकाळी मास हुनी चुकवू नका. ट्यूना (मालवणात कुपा), खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. मास म्हणजे मासा. "कुप्याक काय वायट करूक नाय त्यांनी," असा निकाल सासूबाईंनी दिला.

आता मुख्य हिशेब. फुल बोर्ड (फक्त नाश्ता आणि दोन वेळचं जेवण) आणि ऑल इनक्लुझिव्ह यांच्यात आम्हाला मोठ्या माणसामागे दिवसाला ७० डॉलरचा फरक पडला. तिघांचे पाच दिवसांचे १०५० डॉलर. तो फरक मुख्यतः दारूचा असतो. आता डाइव्ह करणारा माणूस पिणार कधी? सकाळी आणि दुपारी डाइव्ह असेल तर संध्याकाळनंतरच, आणि दुसऱ्या दिवशी आठला बोट असते म्हणून तेही बेताने. नवऱ्याच्या रोजच्या दोन बिअर. मी लिंबू सोडा. सासूबाई चहा. बाटलीमागे १२ डॉलर धरले तरी करांसकट दीडशेच्या आसपास. राहिलं काय, तर आइस्क्रीम आणि पाण्याच्या बाटल्या. बिल आणि पोरं यांच्यामध्ये रोज उभं राहावं लागत नाही, याची किंमत असते हे मान्य. पण एवढी नाही. पुढच्या वेळी फुल बोर्ड आणि वाचलेल्या पैशांत दहा डाइव्हचं पॅकेज. कुटुंबात न डायव्ह करणारी आणि पिणारी मंडळी जास्त असतील तर तुमचं गणित उलटं येईल. सोबत बाटली न्यायचा विचार करू नका, कस्टम्स ठेवून घेतं आणि परतताना देतं. पूजेच्या मूर्ती न्यायलाही मनाई आहे. सासूबाईंचा बाळकृष्ण पाच दिवस नणंदेकडे राहिला.

विमा वेगळा काढा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबा वगळलेलं असतं, बारीक अक्षरांत. रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हिंगमुळे होणाऱ्या त्रासावर उपचार करणारी दाबाची खोली, सर्वांत जवळ कुठे हे विचारा. नॉर्थ मालेत बंडोसला आहे. मास्क प्रत्येकाचा स्वतःचा असू दे, विशेषतः मुलांचा. भाड्याच्या मास्कमध्ये थोरलीच्या नाकाशी सारखं पाणी शिरायचं. आणि घड्याळ जपा. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण बरीच रिसॉर्ट मालेच्या एक तास पुढे चालतात. आमचंही तसंच, त्यामुळे पहिल्या दिवशी नाश्त्याला अर्धा तास उशीर.

शेवटचा दिवस हिशेबात धरू नका. अनेक डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जावे लागतात, आमच्या सेंटरचा नियम २४ चा. सीप्लेनलाही तोच. पाच रात्रींत उतरल्याचा दिवस गेला, जायचा गेला, फॉर्मच्या नादात नवऱ्याचा आणखी एक गेला. त्याच्या वाट्याला डाइव्ह आल्या चार. सात रात्री जमत असतील तर खोली साधी घ्या, पण रात्री सात घ्या.

एक राहिलं. लॉगबुकवर, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीवर, सही-शिक्का आदल्या संध्याकाळीच घ्या. आमची बोट सकाळी सातची आणि डाइव्ह सेंटर उघडतं आठला. थोरलीच्या तीन डाइव्हवर शिक्के आहेत. चौथीची नोंद सेंटरने नंतर ईमेलवर पाठवली, कार्डही मिळालं, पण पान कोरंच होतं. स्पीडबोटीत तिने ते आजीपुढे धरलं. बोट उसळत होती, तरी आजीने चष्मा लावून, पेन घट्ट धरून, शिक्क्याच्या चौकटीत आपली सही केली.