दुसऱ्यानं रंगवलेली गाडी परत कशाला?

सांगलीत माझं रेडियमचं दुकान आहे. प्लॉटरवर शीट कापून होईपर्यंत गिऱ्हाइकाला पाच-दहा मिनिटं काही काम नसतं. मग नजर काउंटरमागच्या काचेच्या कपाटाकडे जाते. त्यात बोटाएवढ्या गाडीपासून वीतभर लांबीपर्यंतच्या रेसच्या गाड्या आहेत. लोक वाकून, कौतुकानं बघतात. मी उत्साहानं फोन काढतो आणि त्यातलाच एखादा रंग प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये मी कसा उतरवलाय ते दाखवतो. तिथे हमखास प्रश्न येतो, "पण हे तर आधीच कुणीतरी रंगवलेलं आहे. तेच परत कशाला? तुमचा हात चांगला आहे, स्वतःचं काहीतरी काढा की!"

प्रश्न प्रेमानं विचारलेला असतो, आणि शीट कापून होते तेवढ्या वेळात उत्तर पुरं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं सांगतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पेंटर होते. ट्रकचे फाळके, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला त्यांच्याच एका जुन्या पाटीवरचा 'श्री' सहा महिने गिरवायला लावला. स्वतःचा 'श्री' काढायचा नाही, फक्त तो. तेव्हा राग यायचा. पण गिरवता गिरवता हात दुसऱ्याच्या हाताच्या चालीनं चालायला लागतो. तो कुठे थांबला, ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला, हे आपल्या मनगटाला कळतं. नुसतं बघून ते कधीच कळत नाही. रेसच्या गाड्यांचा मी असा कित्ता गिरवतो.

गाडीचा रंग, पट्टे, नंबर, जाहिराती मिळून तिचा जो वेश होतो त्याला लिव्हरी म्हणतात. पूर्वी तो देशाचा असायचा: इंग्लंडची गाडी हिरवी, फ्रान्सची निळी, इटलीची लाल, बेल्जियमची पिवळी. १९६८ साली फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांचे रंग आले. लोटसनं आपला हिरवा सोडून गोल्ड लीफ सिगारेटचा लाल-पांढरा-सोनेरी वेश घेतला, आणि तिथून पुढे गाडी म्हणजे पळती पाटीच झाली. मी पाट्यांच्या घरातला, त्यामुळे मला हे आवडणार यात नवल नाही.

सगळ्यात आधी माझदा ७८७बी. ५५ नंबरची, केशरी आणि हिरवी. १९९१ च्या जूनमध्ये तिनं फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ३६२ फेऱ्या मारून. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. इंजिनात पिस्टन नाहीत, चार रोटर फिरतात. असल्या इंजिनाच्या गाडीनं ल मान्स जिंकल्याचं ते एकमेव उदाहरण. शेवटचा टप्पा चालवणारा जॉनी हर्बर्ट अंगातलं पाणी संपून इतका गळून गेला, की विजेत्यांच्या चौथऱ्यावर त्याला उभं राहता आलं नाही.

तिचं १:६४ चं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढं, मॉडेल माझ्याकडे दोन वर्षं होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की दिसायचं. गेममध्ये मी तो वेश माझदाच्याच एका साध्या आरएक्स-७ गाडीवर चढवायला घेतला. मॉडेल समोर ठेवून डावी बाजू बसवली, चार रात्री गेल्या, आणि मग आरशासारखं उलटवायचा पर्याय वापरून तीच बाजू उजवीकडे घेतली. खात्री करायला मॉडेल हातात घेऊन फिरवलं, तर सगळंच चुकलेलं. एका बाजूला जिथे केशरी आहे तिथे दुसऱ्या बाजूला हिरवा, आणि हिरव्याच्या जागी केशरी. दोन वर्षं त्या गाडीची उजवी बाजू कपाटाच्या भिंतीकडे होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती.

मग तिच्याकडे नीट बघायला लागलो. केशरी आणि हिरवा जिथे भेटतात तिथे सरळ रेघ नाही, शंकरपाळ्यांसारखे तिरके चौकोन आहेत आणि त्यांवरून बारीक पांढऱ्या रेषा आडव्यातिडव्या जातात. स्वेटरवर असते ती वीण. प्रायोजक रेनाउन ही जपानची कपड्यांची कंपनी होती. म्हणजे गाडीला खरोखरच कपडा घातलेला आहे! कपडा अंगावर तिरका गुंडाळावा तसा तो रंग गाडीवरून जातो, म्हणून दोन बाजू सारख्या नाहीत. हे कारण मला कुणी सांगितलेलं नाही, उजवी बाजू पुन्हा पहिल्यापासून बसवताना ते माझं मला दिसलं. कुणाला पटो न पटो, पण त्यानंतर त्या गाडीचा फोटो पाहिला की मला आधी कापडच दिसतं.

कामाची रीत सांगतो, कारण काहींना वाटतं की फोटो उचलून चिकटवला की झालं. मी खेळतो त्या ग्रॅन टुरिझ्मोमध्ये फोटो चालत नाही. रेषांनी बांधलेली एसव्हीजी फाइल लागते, आणि तिचं वजन १५ केबीच्या आत हवं. फोर्झा हा दुसरा गेम खेळणाऱ्यांना तर बाहेरून काहीच आणता येत नाही. ते गोल, चौकोन, त्रिकोण एकावर एक रचून शेकडो थरांत एखादं बोधचिन्ह उभं करतात. त्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार.

१५ केबी हे ऐकून नवखा घाबरतो. मला ती मर्यादा घरची वाटली. दुकानात दिवसभर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी हेच करतो. अक्षराच्या गोलाईवर जेवढे बिंदू जास्त, तेवढं प्लॉटरचं पातं अडखळतं आणि कड खडबडीत येते. पूर्ण गोलाला चार बिंदू पुरतात. त्यामुळे शटर अर्धं ओढून मी एकेका जाहिरातीचे फालतू बिंदू काढत बसतो. एकदा एका तेलकंपनीच्या चिन्हात दोनशेच्या वर बिंदू निघाले. ते मी बत्तीसवर आणले आणि फाइल तर हलकी झालीच, चिन्हही जास्त सुरेख दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी एका दूधवाल्याच्या टेम्पोचं नाव त्याच हातानं साफ केलं.

रंगाचं प्रकरण मात्र अजून सुटलेलं नाही. गल्फ या तेलकंपनीचा आकाशी-नारिंगी घ्या. जॉन वायरच्या टीमची फोर्ड जीटी४० त्या रंगात १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्स जिंकली, दोन्ही वेळा तीच एक गाडी, चासी नंबर १०७५. दुसऱ्या वर्षी चोवीस तासांनंतर ती चालवणारा जॅकी इक्स आणि मागची पोर्शे यांच्यात सव्वाशे मीटरसुद्धा अंतर नव्हतं. गंमत अशी, की गल्फचा स्वतःचा निळा गडद. हा फिका आकाशी त्यांनी विकत घेतलेल्या विल्शायर नावाच्या तेलकंपनीचा. रेसच्या गाडीवर तो जास्त उठून दिसतो, म्हणून घेतला.

आता हा आकाशी नेमका कोणता? जुन्या फोटोंत तो प्रत्येक छपाईत वेगळा. माझ्या दोन मॉडेल्सवर दोन छटा. टीव्हीवर तिसरी. त्यातून मॉडेल करणारे जाणते लोक सांगतात की मोठ्या गाडीचाच रंग छोट्या गाडीला दिला तर तो गडद वाटतो, म्हणून थोडा पांढरा मिसळावा लागतो. म्हणजे मॉडेलवरचा रंग बरोबर असेल तर तो मुद्दाम वेगळा केलेला असतो. मी शेवटी नारिंगी पट्ट्यावरून ठरवतो. आकाशीशेजारी तो डोळ्याला टोचला नाही पाहिजे आणि मेलाही नाही पाहिजे. अण्णा पाटीचा रंग असाच ठरवायचे. आधी दोन रंग शेजारी लावायचे आणि रस्त्याच्या पलीकडून बघायचे.

कपाटाबद्दल विचारणाऱ्यांना मी आकड्यांत सांगतो. गाडीवरचा तीस सेंटिमीटर उंचीचा नंबर १:४३ मध्ये सात मिलिमीटर होतो. पाच सेंटिमीटरचं अक्षर सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. माझं प्लॉटर ते कापूच शकत नाही. कारखान्यात मऊ सिलिकॉनच्या गादीवर शाई घेऊन ती वळणदार पत्र्यावर दाबतात, तेव्हा असली अक्षरं उमटतात. भिंग घेऊन बघा, एका अक्षराची शाई दुसऱ्यात मिसळलेली नसते. आणि १:४३ हा विचित्र आकडा आला कुठून, तर खेळण्यातल्या ओ मापाच्या रेल्वेवरून. तिच्या स्टेशनाबाहेर शोभतील अशा मापाच्या मोटारी केल्या गेल्या, आणि रेल्वे मागे पडली तरी माप राहिलं.

सिगारेटच्या जाहिराती आता मॉडेलवर सहसा छापत नाहीत, त्यामुळे काही गाड्या मोकळ्या कपाळानं येतात. पाण्यात भिजवून सरकवायची डेकल वेगळी मिळवून लावावी लागते. माझं पहिलं डेकल बोटाच्या टोकावरच गुंडाळलं गेलं आणि फाटलं. दुसरं बसलं. त्या दिवशी जेवायला घरी जायला चार वाजले.

एक गाडी मी अर्धवट सोडली आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. बीएमडब्ल्यूनं चित्रकारांकडून रेसच्या गाड्या रंगवून घेतल्या. १९७५ साली काल्डर, १९७६ साली फ्रँक स्टेला, पुढच्या वर्षी लिक्टेनस्टाइन. या तिघांनी आधी लहान मॉडेलवर काम केलं आणि मग दुसऱ्या कारागिरांनी ते मोठ्या गाडीवर उतरवलं. स्टेलाची तर आलेखाच्या कागदासारखी काळी-पांढरी जाळी आहे. वळणावर ती जाळी कशी वाकवायची याचा घाम त्या कारागिरांनी गाळला असणार. गेममध्ये मी चिकटवलेली जाळी चाकावरच्या फुगवट्यावर ताणली जाऊन फाटल्यासारखी दिसायची, तेव्हा मला त्यांची फार आठवण यायची. नावं माहीत नसलेली ती माणसं माझ्याच धंद्यातली.

१९७९ साली अँडी वॉरहोलनं मात्र ब्रश घेऊन थेट एम१ गाडीच रंगवली. अर्ध्या तासाच्या आत, २८ मिनिटांत. त्यावर्षी ती ल मान्समध्ये सहावी आली. मी तिचे फोटो अण्णांना दाखवले. त्यांना चित्रकाराचं नाव माहीत नव्हतं. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खालचा रंग वाळायच्या आत वरचा दिलाय ह्यानं. घाई नव्हती त्याला, असंच पाहिजे होतं." मी पुन्हा पाहिलं. जिथे लाल हिरव्यात ओढला गेलाय तिथे खरंच कड राहिलेली नाही. माझ्याकडच्या सगळ्या आकारांना कड आहे. तीन आठवडे खटपट केली आणि ती फाइल तशीच ठेवली. ओल्या रंगाचा कित्ता रेडियमच्या माणसाला गिरवता येत नाही, निदान अजून तरी आलेला नाही.

सध्या हातात आहे ती फोर्स इंडिया या भारतीय मालकीच्या फॉर्म्युला वन टीमची २००९ ची गाडी, पांढऱ्यावर केशरी आणि हिरवी. ती बनली इंग्लंडमध्ये, इंजिन मर्सिडीजचं, ड्रायव्हर इटलीचा, हे सगळं मला ठाऊक आहे. पण २९ ऑगस्टच्या शनिवारी बेल्जियममधल्या स्पाला, शर्यतीतल्या जागा ठरवायच्या फेरीत, तो ड्रायव्हर फिसिकेला पहिला आला, आणि रविवारी शर्यतीत रायकोनेनच्या फेरारीमागे एका सेकंदाच्या आत दुसरा. टीमचे ते पहिले गुण. सगळ्या लाल, निळ्या, चंदेरी गाड्यांच्या पुढे ते तीन रंग पळताना मी टीव्हीसमोर उभा राहून पाहिले. बसवतच नव्हतं.

ती गाडी गेममध्ये नाही, म्हणून जपानच्या सुपर फॉर्म्युलामधल्या एसएफ१९ वर तिचा वेश बसवतोय. अंग वेगळं, त्यामुळे केशरी रेष जिथे वळायला हवी तिथे पत्रा आधीच वळतो. आठ वेळा पुसली. आता नाकापासून बाजूच्या फुगवट्यापर्यंत ती एका दमात जाते आहे. अडलं ते हॅलोपाशी. ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची ती संरक्षक कमान फॉर्म्युला वनमध्ये २०१८ ला आली. २००९ च्या गाडीवर ती नव्हतीच, तर तिला कोणता रंग द्यायचा? पांढरा देऊन बघितला, केशरी देऊन बघितला. परवा अण्णा दुकानात येऊन बसले होते, त्यांना पडद्याचा फोटो दाखवला.

"ह्यो पाइप त्या गाडीला होता का?"

"नव्हता."

"मग काळा ठेव की."

ठेवला.