आमची वाटचाल : न फोडता आत पाहण्याची

२००६ साली भोसरी एमआयडीसीत एका शेडच्या अर्ध्या भागात मी आणि माझ्या मावसभावाने कास्टिंगचे, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या धातूच्या भागांचे, एक्स-रे काढायला सुरुवात केली. फिल्म डार्करूममध्ये धुवायची, वाळवायची, उजेडासमोर धरून ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, शोधायचे. पहिल्याच वर्षी एका पंपाच्या बॉडीला आम्ही ‘ओके’ दिलं आणि मशिनिंगच्या वेळी पोकळी उघडी पडली. सपाट फिल्मवर पुढचं-मागचं सगळं एकावर एक येतं. ती पोकळी जाड कडेच्या सावलीत लपली होती. नुकसान आम्ही भरून दिलं. सीटी स्कॅनर घ्यायचाच, हे तेव्हा ठरलं. घ्यायला बारा वर्षं लागली.

या स्कॅनरमध्ये वस्तू टेबलावर थोडी थोडी फिरते, प्रत्येक कोनातून एक एक्स-रे निघतो आणि त्या शेकडो चित्रांमधून संगणक आतला आकार उभा करतो.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, काम निम्म्यावर आलेलं असताना, वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाचं संशोधन वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. रिचर्ड जॉन्स्टन हे आमच्यासारखेच धातू-मटेरियलवाले. त्यांच्या गटाने प्राचीन इजिप्तच्या तीन ममी, कापडाचा एक धागाही न सोडवता, मायक्रो-सीटीत, म्हणजे फार बारीक तपशील टिपणाऱ्या सीटी स्कॅनरमध्ये, ठेवल्या. मांजर, पक्षी, साप, एवढीच तोवर त्यांची ओळख. पक्ष्याच्या हाडांची मापं घेतल्यावर तो खरुची, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी, असावा असं दिसलं. साप म्हणजे इजिप्शियन नागाचं पिल्लू. मूत्रपिंडात साठलेल्या खड्यांवरून त्याला पुरेसं पाणी मिळालं नव्हतं असं दिसतं, आणि कण्याची मोडतोड सांगते की शेपटीला धरून त्याला आपटलं होतं. वाचताना पोटात कालवलं. देवाला वाहण्यासाठी त्या काळी असे लाखो प्राणी गुंडाळले गेले. मँचेस्टरच्या अभ्यासकांनी आठशेहून अधिक ममी तपासल्या, तर सुमारे एक तृतीयांशांत प्राण्याचा अवशेषच नव्हता. बाहेरून सगळ्या सारख्याच देखण्या!

पण माझ्या मनात घर केलं ते मांजराने. ममीत फक्त डोकं होतं. जबड्याच्या हाडात, अजून वर न आलेल्या दाढा सापडल्या, म्हणजे ते पाच महिन्यांच्या आतलं पिल्लू. आणि या दाढा पहिल्या पाहणीत सुटल्या होत्या. स्कॅन तोच, डेटा तोच. स्कॅनमधले एकेक काप पुन्हा बारकाईने पाहिले तेव्हा त्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी भावाला म्हटलं, “दादा, आपलं यंत्र चांगलं आहे, पण आपण एकदाच बघतो.” त्या आठवड्यापासून आमच्याकडे प्रत्येक स्कॅन दोघं वाचतात आणि दुसऱ्याला पहिल्याचा रिपोर्ट दाखवत नाहीत. एका स्कॅनमागे तासभर जास्त जातो, त्याचे पैसे आम्ही लावत नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः ‘ओके’ लिहिलेल्या ॲल्युमिनियमच्या एका हाउसिंगमध्ये, बोल्टच्या भोकाशेजारी, आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीला केसाएवढी चीर सापडली.